कार्बनच्या सायकलीआधी

पुणे

ती. आक्कास,


दाजींचा फोन आला होता. उसाचं बिल जमा झालंय, त्यातनं भाच्याला कार्बनची सायकल घ्यायची म्हणतात. दुकानदाराशी बोलणंही झालेलं दिसतंय. ‘तू शर्यती खेळलायस, कुठली घ्यावी तेवढं सांग,’ म्हणाले. मी फोनवर हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही, कारण दाजींना तोंडावर नाही म्हटलं की ते दुसऱ्या कुणाला तरी विचारतात आणि तो हो म्हणतो. म्हणून तुला लिहितोय. जेवणं झाली की वाचून दाखव.

सायकल आत्ता घेऊ नका.

हा ताप कुठनं चढला ते मला ठाऊक आहे. जानेवारी 2026 मध्ये पुणे ग्रँड टूर झाली. 437 किलोमीटरची, पाच दिवसांची, आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या यादीतली शर्यत आपल्या जिल्ह्यात, आणि तिचा एक टप्पा पुरंदरमधून थेट बारामतीत उतरला. न्यूझीलंडचा ल्यूक मडग्वे जिंकला. तुझा लेक कडेला उभा होता. त्यानं काय पाहिलं असेल? आधी पोलिसांच्या गाड्या, मग एक मोठा सूं आवाज, रंगांचा एक पट्टा, आणि संपलं. एवढ्यात डोळ्यांत भरतं ते एकच, ती चकचकीत सायकल. त्या पट्ट्यातला एकेक जण पुढच्याच्या चाकापासून हातभर अंतरावर, ब्रेकला बोट न लावता जात होता, हे कडेवरून दिसत नाही. शर्यत असते ती तिथं.

आता वयाचं सांगतो, कारण दाजींना वाटतंय उशीर होतोय. ज्युनिअर म्हणजे सतरा आणि अठरा ही दोन वर्षं, आणि ती वाढदिवसावरून नाही, कॅलेंडरच्या वर्षावरून मोजतात. 2010 सालचा मुलगा 1 जानेवारी 2027 ला ज्युनिअर होतो. आपला नोव्हेंबरचा. म्हणजे सोळा वर्षं नुकतीच सरलेली असतानाच त्याला जानेवारीत जन्मलेल्या, जवळजवळ वर्षानं थोराड पोरांशेजारी उभं राहायचंय. पहिलं वर्ष मागं पडण्यात जाणार, हे घरात सगळ्यांनी आत्ताच गृहीत धरा. दुसरं म्हणजे त्याची उंची अजून वाढतेय. सायकलीची फ्रेम मापाची लागते, शर्टासारखी एक नंबर मोठी घेऊन चालत नाही. आज लाखाच्या वर मोजून आणलेली फ्रेम दोन वर्षांत आखूड पडली तर पाठ आणि गुडघे बोंबलतील, आणि विकायला गेलात तर निम्मीही किंमत येणार नाही.

वयावरनं आणखी एक. कुणीतरी दाजींना ‘दाखल्यावर वर्षभर कमी करून घ्या, सगळे करतात’ असा शहाणपणा शिकवेल. शिकवणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. वय चोरलेला पोरगा लहान गटात जिंकतो आणि मोठ्या गटात गेला की दिसेनासा होतो, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता अशा पोरांची नावंही लक्षात ठेवत नाही.

मग आत्ता काय करायचं? दाजी तालमीत वाढलेले आहेत, त्यांना त्यांच्याच भाषेत सांग: जोर-बैठका घरी मारता येतात, पण जोडीदाराशिवाय कुस्ती शिकता येत नाही. तुझा लेक रोज पहाटे एकटा बेलवाडीवरनं अंथुर्णे, निमगाव केतकी करून येतो, मोबाईलवर आकडे बघतो आणि खूश होतो. पाय तयार होतायत, नाही असं नाही. पण सपाट रस्त्यावर ताशी चाळीसच्या वेगानं जाताना पायांची बहुतेक सगळी ताकद हवा कापण्यात जाते, आणि दुसऱ्याच्या मागं नीट लपलं की त्यातला चौथा ते तिसरा हिस्सा वाचतो. साठ-सत्तर किलोमीटर एकट्यानं हवा खाल्लेला पोरगा आणि घोळक्यात लपून आलेला पोरगा शेवटच्या पाचशे मीटरला शेजारी उभे केले तर काय होतं, ते सांगायला मी कशाला हवा! आणि लपणं ही कला एकट्यानं शिकण्याची सोयच नाही. पुढच्यानं अचानक खड्डा चुकवला तर काय करायचं, कोपराला कोपर लागलं तर हँडल सरळ कसं ठेवायचं, आपली पाळी आली की पुढं जाऊन वेग न वाढवता थोडा वेळ हवा कशी घ्यायची आणि बाजूला कसं सरकायचं, हे सगळं चार पोरांत सहा महिने घासल्याशिवाय अंगात येत नाही.

तो मला म्हणाला होता, ‘मामा, आपल्याकडं घाट नाही, मग मी काय होणार?’ मुंबई-पुणे शर्यतीतल्या ‘घाटाचा राजा’ किताबाच्या गोष्टी मीच त्याला सांगितल्या होत्या, त्या आता माझ्या अंगाशी आल्यात. बोरघाट आपल्याकडं नाही हे खरं. पण बारामती-इंदापूरकडं वारा आहे, आणि फार थोड्या मुलखांत इतका इमानी वारा असतो. जूनपासून पाऊस सह्याद्रीवरच पडून जातो, आपल्या वाट्याला नुसता पश्चिमेचा वारा येतो. सणसरहून इंदापूरकडं निघालं की पाठीशी वारा, पोरगं हवेत. परत फिरलं की तोच छातीवर. रोज येताना हा वारा खाणाऱ्याला घाटाची कसली भीती? हॉलंडच्या बहुतेक भागात तर टेकडीही धड नाही. तिथली पोरं समुद्राच्या वाऱ्यात, बांधांवरच्या रस्त्यांवर शिकतात, आणि जगातल्या सगळ्या मोठ्या शर्यती त्यांनी जिंकल्यात.

त्याला नेमकं काय करायला सांग ते लिहितो. जंक्शन गावावरून वालचंदनगरकडं वळलं की रस्ता दक्षिणेला जातो आणि वारा उजवीकडून आडवा येतो. अशा वाऱ्यात सरळ पुढच्याच्या मागं राहून काही उपयोग नाही. त्याच्या किंचित डावीकडं, तिरकं राहावं लागतं. दुसरा पहिल्याच्या डावीकडं, तिसरा दुसऱ्याच्या डावीकडं, अशी तिरपी रांग लागते. आणि रस्ता काही अमर्याद रुंद नसतो. चौथ्या-पाचव्यापाशी डांबर संपतं. ज्याला जागा मिळत नाही तो कडेच्या मातीवर, वाऱ्यात उघडा पडतो आणि पाचच मिनिटांत शंभर मीटर मागं राहतो. सपाट रस्त्यावरच्या शर्यती अशा फुटतात, घाटाशिवाय. म्हणून आडव्या वाऱ्याचं वळण यायच्या आधीच पुढच्या चौघांत असायला हवं, हे ज्याला कळलं त्याला अर्धी शर्यत कळली. पण हा सराव फक्त जाताना. येताना वारा डावीकडून असतो आणि रांग उजवीकडं, म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांच्या तोंडात सरकते. येताना एकामागं एक, डाव्या कडेनं, मुकाट्यानं यायचं. यात मुलांचं काही ऐकायचं नाही.

रस्त्याचं निघालंच म्हणून. पाटसपासून बारामती-इंदापूर-अकलूजकडं जाणारा पालखी मार्ग चौपदरी झाल्यापासून पोरांना तो शर्यतीचा ट्रॅकच वाटतो. वाहनांनाही तसाच वाटतो. कारखाने सुरू असतात तेव्हा, दिवाळीपासून साधारण मार्चपर्यंत, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रभर चालतात आणि कितीतरी ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो. भवानीनगरच्या कारखान्याचा रस्ता तू रोज बघतेस, तुला वेगळं काय सांगू. वाढ्यांच्या नि पाचटाच्या ओल्या चगाळ्यावरनं सायकलीचं बारीक टायर साबणावर घसरावं तसं घसरतं. उजाडल्याशिवाय घराबाहेर पडू द्यायचं नाही. मागं लाल दिवा, डोक्याला हेल्मेट, कानात काही नाही. पालखी सणसर, बेलवाडी, निमगावावरनं जाते त्या दिवसांत सराव बंद, वारकऱ्यांना पाणी वाटू द्या.

शर्यतीला न्याल तेव्हा संयोजकाला चार प्रश्न विचारायची लाज बाळगू नका. वाहतूक किती वाजता थांबवणार? प्रत्येक फाट्यावर माणूस आहे का? पुढं गाडी, मागं अँब्युलन्स आहे का? नियम बघणारा पंच कोण? मी एका शर्यतीला स्वयंसेवक म्हणून उभा होतो. गाव आणि मंडळ कुठलं ते राहू दे. बक्षिसाची रक्कम दणदणीत होती, स्टेजला फुलांच्या माळा होत्या, पण शेवटच्या किलोमीटरमधला एक फाटा मोकळा सोडलेला. पोरं शेवटच्या धावेला उठली, डोकी खाली, आणि फाट्यातनं एक टेम्पो निवांत बाहेर आला. पुढच्या दोघांनी कसंबसं चुकवलं. तिसऱ्याचं कॉलर बोन मोडलं. अँब्युलन्स यायच्या आधी त्याच्या बापानं त्याला मोटारसायकलवर मधे बसवून नेलं. या चार प्रश्नांतल्या एकाचंही उत्तर गुळमुळीत आलं तर पोराला घेऊन माघारी या, भरलेली फी बुडू द्या.

खुराकाबद्दल दाजींचं आणि माझं जमणार नाही. बदामाची थंडाई त्यांनी खुशाल पाजावी, पण शर्यतीच्या सकाळी नको. तासाभरापेक्षा लांब शर्यत असेल तर सायकलीवर बसूनच खावं लागतं. आपल्या इंदापूरची केळी, गूळ-शेंगदाणे, खजूर हे कुठल्याही परदेशी पाकिटाच्या तोडीचं आहे. बाटलीत साखर-मीठ-लिंबाचं पाणी. जिममधल्या पावडरीच्या डब्याला मात्र हात लावू द्यायचा नाही. त्यात काय मिसळलंय ते डब्यावर लिहिलेलंच असतं असं नाही, आणि उत्तेजक चाचणीत सापडला तर ‘मला माहीत नव्हतं’ म्हटल्यानं सुटका होत नाही, ज्युनिअर असला तरी.

गिअरचंही एक सांगून टाकतो. पूर्वी ज्युनिअर पोरांना जड गिअर वापरायला मनाई होती. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल 7.93 मीटरच्या पुढं जाता कामा नये, असा जागतिक नियम. शर्यत संपली की पंच सायकल उलटी ढकलत नेऊन पट्टीवर मोजायचे. 2023 पासून ती अट काढून टाकली. माझ्या मते ती होती तेच बरं होतं. वाढत्या वयात जड गिअर रेटला की गुडघे जातात, आणि पाय झरझर फिरवायची सवय लागत नाही ती कायमची. घरी तरी जुनाच नियम चालवा.

धाकटीविषयी दाजी काही बोलले नाहीत, म्हणून मीच बोलतो. ती रोज साध्या सायकलीवर शाळेला जाते, त्याच वाऱ्यात, पाठीला दप्तर लावून. महाराष्ट्राच्या पोरींनी या खेळात काय केलंय ते बघ. कोल्हापूर जिल्ह्यातल्या इंगळी गावची पूजा दानोळे, संगमनेरची प्रणिता सोमण, दोघी राष्ट्रीय स्पर्धांत सुवर्णपदकं घेऊन आल्या. मोठ्या शहरातली एकही नाही. मुलींच्या शर्यतींत गर्दी कमी असते, म्हणून घरच्यांना वाटतं त्यात काय एवढं. गर्दी कमी असते ती पोरींना पाठवत नाहीत म्हणून. भावाबरोबर तिलाही रांगेत लावा. हवा घ्यायची पाळी तिलाही आली पाहिजे.

आता पैशाचं. कार्बनच्या एका सायकलीच्या किमतीत अ‍ॅल्युमिनियमच्या वापरलेल्या दोन-तीन बऱ्या सायकली येतात. पुण्यात मिळतात, मी बघून देतो. उरलेल्या पैशांत हेल्मेटं, ट्यूबा, जाण्यायेण्याचं भाडं आणि वर्षभराच्या शर्यतींची फी. गावात अजून तीन-चार पोरं सायकलीवर असतात असं भाच्याच्याच तोंडून ऐकलंय. एक डेअरीला दूध घालायला जातो ना, तो तर याच्यापेक्षा जोरात आहे म्हणे. त्यांना गोळा करा. आणलेल्या सायकली एकाच्या नाहीत, सगळ्यांच्या, असं दाजींनी म्हटलं तर त्यांच्या लेकाला जोडीदार मिळतील. एरवी त्याला मिळेल नुसती हेवा वाटण्याजोगी सायकल. गावोगावच्या शर्यतींत साध्या, बिनगिअरच्या सायकलींचा वेगळा गट असतो. पहिल्या वर्षी त्यातच उतरवा. शाळेकडून 17 वर्षांखालच्या गटात नाव घालायला क्रीडाशिक्षकांना आत्ताच सांगून ठेवा, तालुक्याच्या तारखा निघून गेल्या की मग सगळे हळहळतात.

दाजींनी बयाणा दिला असेल तर पावती शोधून ठेव आणि परत मागायला लाव, नाहीतर मी बोलतो दुकानदाराशी. आणि त्या पोरांची उंची, धाकटीची धरून, भिंतीला उभं करून सेंटिमीटरमध्ये मोज आणि मला पाठव. फ्रेमचं माप त्यावरनं ठरतं. येत्या पंधरवड्यात आकडे आले तर पुढच्या फेरीला सायकली टेम्पोतच घालून आणतो.

मुलांना आशीर्वाद, दाजींना नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ