परक्या उंबरठ्याशी उभे राहताना

धर्मप्रसाराची चर्चा बहुधा श्रद्धेच्या आणि मतांच्या अंगाने होते. परंतु परदेशात राहून तेच काम रोज करणाऱ्या विशीच्या आतबाहेरच्या तरुणाकडे पाहिले, तर ते आधी शिकावे लागणारे, जिभेला आणि अंगाला वळण लावणारे एक कसब असल्याचे ध्यानात येते. ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ या, लोकव्यवहारात मॉर्मन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या तरुण मिशनऱ्यांचे जपानमधील जीवन या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. तरुणांनी २४ महिने आणि तरुणींनी १८ महिने करावयाची ही सेवा बिनपगारी असते. तिचा खर्च स्वतःच्या बचतीतून किंवा घरच्यांच्या मदतीने भागवला जातो, आणि कोणत्या देशात जायचे हे ज्याने जायचे त्याच्या हाती नसून ते नेमणुकीच्या पत्रातूनच त्याला कळते.

या पंथाचे पहिले चार मिशनरी १२ ऑगस्ट १९०१ रोजी योकोहामाला उतरले, तेव्हा त्यांच्यातला आल्मा टेलर अवघा १९ वर्षांचा होता. शिकवायला आलेल्या या मुलाला आधी कित्येक वर्षे शिकतच बसावे लागले. पंथाच्या ‘मॉर्मनचा ग्रंथ’ या धर्मग्रंथाचा जपानी अनुवाद त्याने केला खरा, पण तो १९०९ मध्ये प्रसिद्ध होण्यापूर्वी त्याची भाषा इकुता चोको या जपानी समीक्षकाच्या नजरेखालून गेली. जपानमधले मिशन १९२४ मध्ये बंद झाले आणि १९४८ मध्ये पुन्हा सुरू झाले. पहिल्यांदा बंद होईपर्यंतच्या वर्षांत पदरी पडलेले अनुयायी थोडेच होते, परंतु ज्यांच्या भाषेत बोलायचे त्यांच्याच हाताखाली ती शिकायची, ही टेलरची रीत या कसबाचा पाया मानावी लागते.

आजचा मिशनरी प्रशिक्षण केंद्रात काही आठवडे जपानी शिकून येतो आणि पहिल्याच दिवशी त्याला कळून चुकते की वर्गातली जपानी आणि भाजीच्या दुकानातली जपानी यांच्यात बरेच अंतर आहे. सकाळी साधारण साडेसहाला उठणे, व्यायाम, न्याहारी, धर्मग्रंथाचा आणि भाषेचा अभ्यास, मग पांढरा सदरा, टाय आणि छातीवर नावाची काळी पट्टी लावून सायकलवर बाहेर पडणे, आणि रात्री साडेदहापर्यंत दिवे मालवणे, असा हा दिनक्रम असतो. आठवड्यातला एक दिवस कपडे धुणे, बाजारहाट आणि केस कापणे यांसाठी राखलेला असतो. घरी दर आठवड्याला फोन करण्याची मुभा २०१९ पासून मिळाली. त्याआधी आईवडिलांचा आवाज ऐकण्याचे प्रसंग वर्षातून दोनच, नाताळ आणि मातृदिन, एवढेच असत. ही मुभा फार आधी मिळायला हवी होती, कारण घरच्या आठवणीने व्याकूळ झालेल्या मुलाची निष्ठा त्या अबोल्याने वाढते असे मानायला आधार दिसत नाही.

या जीवनाचा गाभा मात्र वेळापत्रकात नाही, तो जोडीत आहे. मिशनरी एकटा कधीच नसतो. नव्या करारात येशू शिष्यांना दोघादोघांनी पाठवतो, त्या परंपरेने प्रत्येकाला एक जोडीदार नेमून दिलेला असतो आणि स्नानगृहासारखे अपवाद वगळता दोघांनी एकमेकांच्या नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात राहायचे असते. हा जोडीदार निवडलेला नसतो. त्याचे घोरणे, त्याचा भात करपवणे, सायकल पुढे दामटण्याची त्याची सवय, हे सगळे एका लहानशा घरात अहोरात्र सोसावे लागते. म्हणून आठवड्याच्या नियोजनानंतर दोघांनी समोरासमोर बसून परस्परांविषयी स्पष्ट बोलावे, काय चांगले चालले आहे आणि काय खुपते आहे ते सांगावे, अशी पद्धत ठरलेली आहे. ज्या वयात रुसवा दार आपटून व्यक्त होतो, त्या वयात तो शब्दांत मांडून समोरच्याचे उत्तर शेवटपर्यंत ऐकून घेणे फार अवघड असते. आणि हे ज्याला साधले नाही, त्याने अनोळखी माणसाच्या दुःखाविषयी बोलू नये, इतके ते मोलाचे आहे.

या ऐकून घेण्याची परीक्षा दारात होते. जपानी घरात शिरताच ‘गेंकान’ नावाची, घरातल्या जमिनीपेक्षा खालच्या पातळीवरची जागा लागते. जोडे तिथेच उतरवायचे, त्यांची टोके दाराकडे वळवून ठेवायची, आणि घरच्याने बोलावल्याखेरीज वरच्या पायरीवर पाऊल टाकायचे नाही, असा शिष्टाचार आहे. बहुतेक वेळा गोष्ट गेंकानपर्यंत पोहोचतच नाही, कारण भिंतीवरच्या इंटरफोनमधूनच मृदू नकार येतो. तो नकार पुन्हा उच्चारायला न लावता पहिल्याच खेपेला ओळखणे, आभार मानून वाकणे आणि मागे सरणे, यातच मिशनऱ्याचे खरे शिक्षण दिसते. दार उघडलेच, तर आतली वृद्ध स्त्री धर्माऐवजी परगावी गेलेल्या मुलाविषयी बोलू लागते. अशा वेळी पाठ केलेला धडा बाजूला ठेवून ऐकत राहण्याचे भान कोणतीही पुस्तिका देऊ शकत नाही. आठवड्याला किती जणांना शिकवले याचे आकडे वरिष्ठांकडे जातात आणि त्यांचा ताण मुलांच्या मनावर असतो. या ऐकण्याची नोंद मात्र त्या आकड्यांत नीट बसत नाही, ही या व्यवस्थेतली मोठी उणीव म्हटली पाहिजे.

बदल्यांचा फेरा साधारण सहा आठवड्यांनी येतो. त्यात गाव किंवा जोडीदार, कधी दोन्ही बदलतात आणि जमलेली ओळख दुसऱ्याच्या हाती सोपवावी लागते. त्यासाठी प्रत्येक भागातल्या भेटींची नोंद ठेवलेली असते, आणि चांगला मिशनरी तिच्यात धड्यांचा क्रम लिहून थांबत नाही. कोणाला कमी ऐकू येते, कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणी पुन्हा येऊ नका असे सांगितले आहे, हेही तो येणाऱ्यासाठी स्पष्ट लिहून ठेवतो.