देवाची झोंप

डॉक्टर हा देव, अशी आपल्याकडे एक सोयीची समजूत आहे. सोयीची अशासाठीं, कीं देवाला जेवलास का, झोंपलास का, असें विचारावें लागत नाहीं. ही समजूत आम्हींही पुष्कळ वर्षें बाळगली होती. ती एका उन्हाळ्यांत, जळगांवच्या एका रुग्णालयांत सुटली.

आमच्या आजारी मामांच्या उशाशीं आम्ही बसलों होतों. रात्रीचे दोन वाजले, तरी खानदेशांतल्या मे महिन्याची धग भिंतींतून जात नव्हती. सलाईनची बाटली संपत आली आणि हांका मारूनही कोणी येईना, तेव्हां आम्ही तरातरा परिचारिकेच्या टेबलाशीं गेलों व सुशिक्षित माणसास जितकें कठोर बोलतां येतें तितकें बोललों. बाई उठल्या. त्यांनीं बाटली बदलली, मामांची नाडी पाहिली आणि हळूच म्हणाल्या, "काका, रागावूं नका. सकाळपासून उभी आहे. रात्रपाळीची सिस्टर आलीच नाहीं." टेबलावर त्यांचा डबा उघडाच होता, कळण्याच्या भाकरीचा एक तुकडा मोडून तसाच राहिलेला.

राग ओसरला, लाज मात्र राहिली. कारण धुळ्याची हकीकत वर्तमानपत्रांत वाचून "काय हे अडाणी लोक!" असें म्हणत आम्हींच एकदां पान उलटलें होतें. १२ मार्च २०१७ रोजीं तेथील शासकीय रुग्णालयांत डोक्यास मार लागलेला एक रुग्ण आला. मेंदूचा शल्यवैद्य नसल्यामुळें त्यास दुसरीकडे न्यावें, असें एका निवासी डॉक्टरानें सांगितलें. नातेवाइकांनीं त्या डॉक्टरास इतकें मारलें, कीं त्याच्या डोळ्यास गंभीर इजा झाली. उणीव त्यानें निर्माण केली नव्हती. त्यानें ती फक्त बोलून दाखविली होती.

नातेवाइकांचा राग नेहमींच निराधार असतो, असें आमचें म्हणणें नाहीं. जून २०२० मध्यें, करोनाच्या सांथींत, जळगांवच्या शासकीय रुग्णालयांतून बेपत्ता झालेल्या ८२ वर्षांच्या आजीबाईंचा मृतदेह आठ दिवसांनीं तेथल्याच शौचालयांत मिळाला. त्याबद्दल कोणास राग येणार नाहीं? अधिकारी निलंबित झाले, तें योग्यच. पण निलंबनानें कामाचे हात वाढत नाहींत.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ मध्यें या शिणवट्याची व्याख्या केली. शक्ति संपणें, कामाविषयीं मन विटणें, आणि आपल्या हातून कांहीं नीट होत नाहीं असें वाटणें, हीं त्याचीं तीन लक्षणें. संघटना त्यास रोग म्हणत नाहीं. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट न हाताळल्याचें तें फळ आहे, असें म्हणते. म्हणजे "बाई, धीर धरा" हा त्यावरचा उपाय नव्हे. दुसरी बाई वेळेवर येणें हा उपाय.

मामा बरे झाले. निघतांना आम्ही पेढे घेऊन गेलों. सिस्टर हंसल्या. "पेढे कशाला, काका? तुम्ही लिहिणारी माणसं. इथं आणखी एक सिस्टर द्या, असा एक अर्ज लिहा ना."

त्यानंतर आम्हीं किती तरी लेख लिहिले. तो अर्ज मात्र अजून आमच्या टेबलावर कोराच आहे.