न झालेल्या लढतीचा निकाल

२०२४ च्या पहिल्या सहामाहीत आमच्या घरी दस्तरखानावर आणि शाळेत स्टाफरूममध्ये एकच सवाल असे : बायडन की ट्रम्प? मोबाईलवर चाचण्यांचे आकडे येत आणि पैजेच्या गोष्टी निघत. (पैज लावणे जायज नाही, ही आठवण अम्मींना करून द्यावी लागे.) २१ जुलैला बायडन यांनी माघार घेतली. ती लढत झालीच नाही.

माझ्या मते खरी गफलत देशभराची टक्केवारी धरण्यात होते. तिथे निकाल राज्याराज्यांतून लागतो. ५३८ निर्वाचक मतांपैकी २७० लागतात. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना २८ लाखांहून जास्त मते अधिक मिळाली, तरी त्या हरल्या. मिशिगन तर अकरा हजारांपेक्षा कमी मतांनी गेले.

याच मिशिगनमध्ये डिअरबॉर्न आहे. तिथल्या कितीतरी मुस्लिम घराण्यांची मुळे दक्षिण लेबनॉनमध्ये. फेब्रुवारी २०२४ मध्ये पक्षांतर्गत मतदान झाले, तेव्हा गाझावरील हल्ल्यांच्या निषेधाची मोहीम निघाली आणि राज्यातल्या लाखभर मतदारांनी बायडन यांना डावलून 'कोणाशीही बांधील नाही' असे मत दिले. नोव्हेंबरात डिअरबॉर्नमध्ये ट्रम्प हे हॅरिस यांच्या पुढे गेले. २०२० मध्ये तिथे बायडन यांना भरभरून मते पडली होती! सगे-सोयरे बॉम्बखाली असलेला माणूस चाचणीवाल्याला फोनवर काय सांगणार?

आता २०२८ च्या जोड्या लागत आहेत. भाचा नावे घेऊन येतो, तेव्हा मी आधी विचारते, "बेटा, मिशिगनमध्ये काय म्हणतात?"