टिंबांची जागा

सुर्ल्याला मी शिकवत होतो त्या काळी डिचोली तालुक्यातल्या त्या रस्त्यावरून खनिजाचे ट्रक दिवसभर धावत. खिडक्या लावून घेतल्या तरी फळ्यावर तांबडी धूळ बसायचीच. त्या वर्गात एका ट्रकचालकाचा मुलगा होता. पाच आकडे तोंडी सांगितले की तिसऱ्यालाच अडखळायचा. 'उभा राहा' हे शब्द त्याने माझ्या तोंडून किती वेळा ऐकले असतील, याचा हिशेब आज नकोसा वाटतो. एकदा मात्र फळ्यावरचा नकाशा माझ्या हातून चुकून पुसला गेला आणि याने उठून नद्या, डोंगर, गावे जिथल्या तिथे पुन्हा मांडली. "पाठ केलास काय रे?" मी विचारले. "ना सर, माका दिसता." मी हसलो. नववीत तो नापास झाला आणि शाळा सुटली.

पुढे एका शिक्षक-शिबिरासाठी टिपणे काढताना बॅडली आणि हिच या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांचा १९७४ चा विचार वाचनात आला. हाती घेतलेल्या कामापुरते जे आपण क्षणभर मनात धरून ठेवतो, ती कार्यकारी स्मृती. ऐकलेले शब्द घोळवण्याची तिची सोय वेगळी, आणि पाहिलेल्या आकृती व जागा टिपून ठेवण्याची पाटी वेगळी. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात जॉनिडीस, स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली या पाटीचा मेंदूतला पत्ता शोधला. पडद्यावर तीन टिंबे क्षणभर दाखवायची, तीन सेकंद थांबायचे, मग एक वर्तुळ दाखवून विचारायचे, यात मघाचे टिंब होते का? शिरेतून दिलेल्या किंचित किरणोत्सारी पाण्यावरून मेंदूत रक्त कुठे वाढले ते यंत्र टिपत होते. जागा आठवताना उजव्या बाजूचे काही भाग जागे झाले. पुढच्या प्रयोगांत अक्षरे लक्षात ठेवताना पारडे डावीकडे झुकले.

त्या रंगीत चित्रांनी हुरळून जाऊ नये, हेही खरे. ती अनेक माणसांची सरासरी असते; एखादे पोर 'उजव्या मेंदूचे' आहे असा शिक्का त्यावरून मारणे म्हणजे माझ्या 'उभा राहा'चीच नवी आवृत्ती. पण मी एकाच पाटीवर गुण देत होतो, एवढे त्या चित्रांनी मला दाखवले. त्या रात्री झोप नीट लागली नाही.

कोर्सी यांची नऊ ठोकळ्यांची एक जुनी चाचणी आहे. मी पुठ्ठ्यावर नऊ रिकाम्या आगपेट्या विस्कळीत चिकटवून ती तयार केली. ज्या क्रमाने बोट टेकवू, त्याच क्रमाने समोरच्याने टेकवायचे.

गेल्या वर्षी सुर्ल्याला गेलो तेव्हा पुठ्ठा पिशवीत होता. तो आता पाण्याचे पंप दुरुस्त करतो. गोणपाटावर एक पंप सुटा करून ठेवलेला, कागद-पेन्सिल कुठेच नाही. कपाळाला आठी न घालता त्याने हात पुसले. सात पेट्यांपर्यंत तो न चुकता गेला.

मग त्याने पुठ्ठा माझ्याकडे फिरवला. "सर, आतां तुमी."

पाचव्या पेटीला मी चुकलो.