एकवीस वर्षांचं गाणं

आवडता बँड बदलला की त्याचे चाहते रुसतात. 'पहिल्यासारखं राहिलं नाही,' हे वाक्य रेडिओहेड या इंग्लिश बँडने जितकं ऐकलं, तितकं क्वचितच कुणी ऐकलं असेल. मीही ते म्हणून बसलो आहे.

ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनमधल्या एका शाळेत ही पाच मुलं जमली. 'पाब्लो हनी' (१९९३) या पहिल्या अल्बममधल्या 'क्रीप'ने त्यांना जगभर नाव दिलं आणि त्याच गाण्यात अडकवूनही टाकलं. 'द बेंड्स' (१९९५) आणि 'ओके कंप्यूटर' (१९९७) या अल्बमांनी त्यांना त्यातून सोडवलं. 'ओके कंप्यूटर'चा तर एवढा गाजावाजा झाला की पुढची दहा वर्षं तोच साचा गिरवला असता तरी लोकांनी डोक्यावर घेतलं असतं. पण २००० साली 'किड ए' आला तेव्हा ज्या गिटारींवर नाव झालं होतं, त्याच मागे सरल्या होत्या. पुढे आले होते सिंथेसायझर, संगणकावर कापून-जोडून घेतलेले आवाज आणि ऑन्द मार्तनो हे १९२०च्या दशकातलं फ्रेंच विद्युत वाद्य. एकही सिंगल न काढता हा अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला.

ही गोष्ट बहुतेक वेळा धाडसाची म्हणून सांगितली जाते. मला त्यांच्या धाडसापेक्षा त्यांचा धीर मोठा वाटतो. 'ट्रू लव्ह वेट्स' हे गाणं बँडचा गायक थॉम यॉर्क १९९५ मध्येच मैफलीत गिटारवर गात होता. चाहत्यांना ते पाठ होतं. स्टुडिओत मात्र ते मनासारखं उतरेना, म्हणून अल्बमामागून अल्बम ते बाहेरच राहिलं. २००१ मध्ये मैफलीतलं ध्वनिमुद्रण तेवढं प्रसिद्ध झालं. स्टुडिओतलं रूप आलं ते २०१६ मध्ये, 'अ मून शेप्ड पूल'च्या शेवटी. गिटार गेली होती. एकमेकांत विरघळणारे पियानोचे विरळ सूर उरले होते. शब्द तेच, पण तरुणपणी जी विनवणी वाटायची, ती आता सगळं हातचं गेल्यावरची वाटते. 'किड ए'मध्ये गिटार खाली ठेवायला ते शिकले नसते, तर या गाण्याला हे रूप सापडलं नसतं, असं मला वाटतं.

रुसलेल्या चाहत्यांनी ही दोन्ही ध्वनिमुद्रणं लागोपाठ ऐकावीत. बँडने पाठ फिरवली म्हणून आपण ज्या वर्षांवर चिडलो, दुसरं ध्वनिमुद्रण त्याच वर्षांनी घडवलं आहे.