काकू म्हटलं की हक्क आला

आपल्याकडे शेजारणीला नुसतं नावाने हाक मारत नाहीत, तिच्याशी नातं जोडतात. मराठी घरात ती काकू किंवा मावशी, बंगाल्यांकडे माशीमा, तमिळ घरात मामी, हिंदी भागात चाची नाहीतर मौसी. रक्ताचा संबंध नसतो, पण एकदा हाक मारली की दोन्ही बाजूंनी हक्क येतो.

गिरगावात आमच्या मजल्यावर अशाच एक काकू होत्या. आई नोकरीला जायची, म्हणून घराची किल्ली त्यांच्याकडे असायची. शाळेतून आलं की किल्लीबरोबर पोळीचा लाडू मिळायचा आणि प्रश्नांची सरबत्तीही, "डबा का उरला? गणितात किती मिळाले?" एका रात्री बाबांच्या छातीत दुखू लागलं. आईबाबा हॉस्पिटलमध्ये गेले आणि आम्हा दोघी बहिणींना कुशीत घेऊन काकू झोपल्या.

या चौकशीचा जाचही होता. "आज उशीर का झाला?" हे फक्त मुलींना विचारलं जायचं. मुलगे रात्री दहाला आले तरी कुणी घड्याळ पाहायचं नाही. ताईचं लग्न लांबलं तेव्हा तिला गॅलरीतून जाणंही नकोसं व्हायचं.

तरी शेजारणी म्हणजे नुसत्या कुचाळक्या, असं कुणी म्हटलं की मला 'लिज्जत' आठवतं. १९५९ मध्ये गिरगावातल्याच एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली होती. कुणाच्या घरी काय अडचण आहे आणि कुणाला कामाची गरज आहे, हे शेजारणीला न सांगता कळतं.

आता मी सोळाव्या मजल्यावर राहते. गेटवर कॅमेरा आहे, कोण आलं-गेलं ते फोनवर कळतं. समोरच्या फ्लॅटमधली मुलं मला 'आंटी' म्हणतात. माझ्या मैत्रिणींना या शब्दाचा राग येतो, वय दिसतं म्हणून. मला वाटतं, हाक मारलीच आहे तर ती निभवायला हवी. त्यांच्या घराची एक किल्ली मी मागून घेतली आहे. मुलगा शाळेतून आला की त्याला खायला देते, मार्क मात्र विचारत नाही. त्याच्या मोठ्या बहिणीला कॉलेजमधून यायला उशीर झाला, तर "का?" असं न विचारता फक्त "पोचलीस ना?" एवढंच विचारते.