लक्ष्मीपूजनाचे रुपये

इंदूरच्या त्या घरात लक्ष्मीपूजनाच्या सकाळी चिंच कोळली जायची ती चांदीच्या रुपयांसाठी. सासूबाईंच्या पितळी डब्यातले राणीछाप नि राजाछाप २२ रुपये सूनबाई चिंचेने घासून, रांगोळीने लख्ख करीत. तीस वर्षं हे काम त्यांचंच. तेविसावा रुपया मात्र कागदाच्या पुडीत तसाच राही. "तो डुकराचा आहे, पूजेत नको," असं सासूबाई म्हणत.

सासूबाई गेल्या आणि डब्याचे तीन वाटे करायची वेळ आली. दोन नणंदांचे दोन, घराचा एक. तोलून वाटणं सोपं होतं, एक रुपया ११.६६ ग्रॅमचा. पण ओळखीचा नाणेविक्रेता म्हणाला, "ताई, वजनावर जाऊ नका. आधी प्रतवारी करून घ्या." तिची फी दर नाण्यामागे, मग निकाल काही का लागेना. म्हणून कोणतं नाणं पाठवण्याजोगं आहे ते घरीच ओळखायला शिकायचं, असं सूनबाईंनी ठरवलं.

१ ते ७० गुणांची ही पट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये मांडली, तीही अमेरिकेतल्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी. ६० पासून पुढे न वापरलेली नाणी; ५० ते ५८ म्हणजे किंचितच हाताळलेली. खाली मऊ फडकं, एकच दिवा, नाणं फक्त कडेने धरायचं आणि हळूहळू कलतं करायचं. टाकसाळीचं मूळ तेज असेल तर उजेड चक्रासारखा फिरतो. झीज आधी उंचवट्यांवर दिसते, राणीच्या गालावर, मुकुटावर. मात्र ठसाच कच्चा उमटला असेल तर तीही झीजच वाटते. हा फरक कळायला त्यांना दोन महिने लागले. वहीत गुण लिहायचे, आठवड्याने वही न बघता पुन्हा द्यायचे. पहिले गुण हटकून जास्त निघत. आपला तो बाब्या!

आणि एका रात्री भिंगाखाली १८६२ च्या राणीच्या गालावर बारीक रेघांचं जाळं दिसलं. मग दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, बावीसही नाण्यांवर. घासलेल्या नाण्याला बहुधा गुणच मिळत नाहीत, नुसता 'साफ केलेलं' असा शेरा मिळतो. त्या रात्री सूनबाईंना झोप लागली नाही. वाटे अजून व्हायचे होते, आणि नुकसान त्यांच्याच हातून झालं होतं.

पुडीतला रुपया काळसर-निळसर पडलेला. कलता केला तर त्या झाकेखालून उजेड फिरला. तो १९११ चा, पंचम जॉर्जचा. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली आणि १९१२ मध्ये ठसा बदलावा लागला. सूनबाईंनी आधी ५८ लिहिले, आठवड्याने ५३. शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्याने परदेशी पाठवता येत नाही, तेव्हा तपासणी देशातच करून घ्यायची होती. दिवाळीनंतर हे एकच पाठवायचं ठरलं.

नणंदा दिवाळीला आल्या तेव्हा सूनबाईंनी डबा, दिवा आणि भिंग पुढे ठेवलं नि सगळं सांगितलं. धाकट्या नणंदबाई गप्पच राहिल्या. थोरल्यांनी राणीचा गाल बराच वेळ पाहिला.

"यातल्या निम्म्या रेघा माझ्या असतील, वहिनी. लग्नाआधी मीच घासायचे."

मग त्यांनी काळा रुपया भिंगाखाली धरला. "अगं, सोंड आहे की! हा तर हत्ती. लक्ष्मीच्या दोन्ही अंगांना असतो तो."

त्या वर्षी चिंच कोळली नाही. चौरंगावर तेवीस रुपये मांडले. हळदकुंकू बावीसांना लागलं. हत्तीच्या रुपयावर नुसती अक्षत, तीही डबीच्या झाकणावर.